काय म्हणालात?

वय वाढले की माणूस हट्टी होतो, असे म्हणतात. मी मात्र हसरा झालो! कुणी काही बोलले, की मी हसून मान डोलवी. या एका हसण्यावर मी दोनतीन वर्षे निभावून नेली.

गेल्या दिवाळीत बिंग फुटले. सगळे फराळाला जमले होते. मी चकलीत गढलो होतो. आमचे व्याही काहीतरी सांगू लागले आणि मी नेहमीप्रमाणे मनमोकळा हसलो. हसणारा मी एकटाच! ते आपल्या भावाच्या आजारपणाची हकीकत सांगत होते.

त्या दिवसापासून मी खोलीतच बसू लागलो. संध्याकाळचा कट्टा सुटला. घरात कुणी हळू बोलले, की ते माझ्याबद्दलच असावे, असे वाटे. रात्री झोप येईना. ‘निवृत्तीनंतर होतं असं,’ असे म्हणून घरच्यांनी स्वतःची समजूत घातली. कानाकडे कुणाचे लक्षच गेले नाही.

शेवटी सुनेने मला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, “उतारवयात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. ‘स’, ‘फ’ असे वर्ण निसटतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही.” मग माणूस चारचौघांना टाळतो, एकटा पडतो आणि मन खचते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आवरता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत कमी ऐकू येणे आहे, एकाकीपण आहे आणि नैराश्यही आहे. माझ्याकडे तिन्ही एका रांगेत उभी होती!

चष्म्याची मला कधी लाज वाटली नाही. मग कानाच्या यंत्राची का वाटावी? ते लावले. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची घडीसुद्धा कडाडली. सवय व्हायला काही आठवडे गेले.

एके दुपारी मी हिला म्हणालो, “मधल्या काळात तू माझ्याशी काही बोलतच नव्हतीस.”

“मनातलं कुणी ओरडून सांगतं का?” ती म्हणाली.

मी गप्प झालो. इतके दिवस मी माझेच एकाकीपण कुरवाळीत बसलो होतो. तिचे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

यंदा गणपतीच्या आदल्या रात्री ही मोदकांसाठी नारळ खवत होती आणि बोलत होती, अगदी हळू. त्यात तक्रारीच जास्त होत्या. मी एकही चुकवली नाही.