बारा व्होल्ट

होस्टेलवर दहा मिनिटं लाईट गेली की सगळ्या विंगमधून ओरडा होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावात लाईट गेली तेव्हा कुणी ओरडलं नाही. पावसाळ्यात ती जातेच. तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांचे चेहरे बदलले.

तिकडे कोल्हापुरात पंचगंगा ५५ फुटांवर गेलेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पूरभागातल्या सबस्टेशनांत पाणी शिरलं म्हणून पुरवठा बंद. आमचं गाव डोंगरकडेला, घरात पाणी यायचा प्रश्न नव्हता. पण तारांवर झाडं पडलेली आणि भाताच्या खाचरातले खांब कललेले.

अंधाराचं कुणाला फारसं वाटलं नाही, कंदील होते. गिरणी बंद, म्हणून दोन्ही वेळा भात. नळयोजनेची मोटार बंद, म्हणून पागोळ्यांखाली घागरी. दुधाची गाडी येईना, तेव्हा दूध शेजारीपाजारी वाटलं. एवढं सगळं निभावलं. आमच्या घरात प्रश्न होता आजीच्या दम्याचा. नेब्युलायझर दिवसातून तीनदा लागायचा आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुसऱ्याच दिवशी उतरली.

गावात वडापची एक जीप होती. तिचे मालक आणि आमचे बाबा बांधावरून दोन वर्षं बोलत नव्हते. आईच त्यांच्या घरी गेली. ते काही न बोलता जीप घेऊन आले, बॉनेट उघडलं आणि जीपच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरला वायर जोडली. मशीन साधारण १५० वॅटचं, म्हणजे १२ व्होल्टला बारा-तेरा अँपिअर, लॉसेस धरून थोडे जास्त. इंजिन चालू ठेवावं लागायचं. डिझेल कुठून आणत होते कुणास ठाऊक, कारण जिल्ह्यात पंपांवर टंचाई होती.

जीप आल्याचं कळताच अर्धी गल्ली चार्जर घेऊन ओसरीवर जमली. टॉवर बंद, रेंजसाठी टेकडीवर जावं लागायचं, तरी प्रत्येकाला मोबाईल चार्ज करायचाच होता. काका म्हणाले, "आदी म्हातारीचं मिशन. मोबाईल ऱ्हाऊंदेत."

सहाव्या दिवशी वायरमन आले. रस्त्यावरून खाचरापर्यंत गाडी जाईना, तेव्हा गावातल्या पोरांनी नवा खांब खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून नेला. संध्याकाळी लाईट आली. काकांनी वायर गुंडाळली, आजीनं दिलेला चहा घेतला आणि निघाले. बाबा त्यांना सोडायला दारापर्यंत गेले.

बांधाची मोजणी अजून व्हायची आहे.