कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन ज्या सुशिक्षित मराठी घरात ऐकू येत नाही असे घर विरळाच. आमच्या घरी तर ते शुभंकरोतीच्या जोडीने कानी पडे. वडिलार्जित जमिनीचा दावा तीन पिढ्या चालला आणि अखेर जमिनीपेक्षा कागदच अधिक उरले. त्यामुळे या वचनाची सत्यता आम्हांस कोणी निराळी पटवून द्यावी लागली नाही. तथापि दक्षिण आफ्रिकेतील मॅजिस्ट्रेटांच्या कोर्टांचा इतिहास वाचीत असता आमच्या मनात असे आले की, हे वचन ज्याने रचिले त्याने एक गोष्ट गृहीत धरिली आहे. पायरी चढणे वा न चढणे हे माणसाच्या खुषीवर असते, ही ती गोष्ट.

केप वसाहतीत डच अमदानीपासून लँडड्रोस्ट नावाचा अधिकारी जिल्ह्याचा कारभार पाही आणि स्थानिक गोऱ्या गृहस्थांस हाताशी घेऊन न्यायनिवाडाही करी. इंग्रजांनी १८२८ च्या आरंभी ही व्यवस्था मोडून रेसिडेंट मॅजिस्ट्रेट नेमले. पुढे पुष्कळ ठिकाणी हाच गृहस्थ सिव्हिल कमिशनर म्हणून सरकारी वसूलही पाहू लागला. कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट एकाच खुर्चीत बसलेले आपल्या वाडवडिलांनी पाहिले होते. तेव्हा वाचकांस या जोडीचे नवल वाटणार नाही. नवल वाटावे ते त्या खुर्चीपुढे येणाऱ्या कामांचे. केपमध्ये १८५६ साली धनी व चाकर यांच्यासंबंधी कायदा झाला. परवानगीवाचून काम सोडणे, हुकूम न मानणे, धन्यास उर्मटपणे बोलणे, हे चाकराचे फौजदारी गुन्हे ठरले आणि त्यांस कैदेची शिक्षा लागली. कायद्याच्या अक्षरांत वर्णाचा उल्लेख नव्हता. परंतु धनी कोणत्या वर्णाचा व चाकर कोणत्या, हे सांगण्यास अक्षरांची गरजही नव्हती. हा कायदा रद्द होण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

शेजारच्या नाताळ वसाहतीत आपलीच माणसे या खुर्चीपुढे उभी राहिली. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासेहून निघालेले ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागले, आणि १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, तेथे गेले. मळ्याबाहेर पडावयाचे तर चिठ्ठी हवी; चिठ्ठीवाचून सापडला तर अटक. नाताळच्या १८९१ च्या कायद्यात तर असे एक कलम होते की, मळ्यावरील पुष्कळ मजूर मिळून रजेवाचून तक्रार करण्यास गेले, तर ते शिक्षेस पात्र होत. आणि तक्रार खरी ठरली तरीही ही शिक्षा टळत नसे! फिर्याद खरी आणि फिर्यादी गुन्हेगार, अशी ही योजना. येथे कोर्टाची पायरी चढणे हाच अपराध होता. मग शहाण्याने करावे तरी काय?

बालसुंदरम् नावाच्या तमिळ गिरमिट्याने १८९४ साली काय केले ते गांधीजींनी आत्मचरित्रात सांगितले आहे. धन्याने मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. फाटक्या कपड्यांनी, डोकीचे फडके हातात घेऊन तो गांधीजींच्या कचेरीत आला. कारण गोऱ्यापुढे जाताना डोके उघडे करावे, असा तेथील दंडक त्याच्या अंगवळणी पडला होता. आदल्याच वर्षी डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने पगडी उतरविण्यास सांगितले म्हणून गांधीजी उठून बाहेर पडले होते. त्यांनी बालसुंदरम् यास फडके पुन्हा बांधावयास लाविले, डॉक्टरचा दाखला घेतला आणि त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेले. मॅजिस्ट्रेटला संताप आला. धनी दोषी ठरला व बालसुंदरम् याचे गिरमिट दुसऱ्या मालकाकडे गेले. गिरमिट सुटले नाही, केवळ धनी बदलला. एवढाच तो न्याय. पण तेवढ्याची वार्ता मजुरांत सर्वत्र पसरली.

इंग्रजी नाटके शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून या इतिहासातील आणखी एक मनुष्य आमच्या मनातून जात नाही. सॉल प्लाट्ये हा त्स्वाना भाषिक तरुण १८९८ मध्ये मॅफेकिंगच्या मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दुभाषी झाला. आरोपी एका भाषेत बोलणार, न्यायाधीश दुसऱ्या भाषेत निकाल देणार, आणि मध्ये उभ्या असलेल्या दुभाष्याच्या एका चुकीच्या शब्दाने कोणी तुरुंगात जाणार! याच माणसाने पुढे शेक्सपिअरचे ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हे नाटक त्स्वानात आणले. ते १९३० साली प्रसिद्ध झाले. एकाला दुसरा समजल्याने उडणाऱ्या गोंधळाचे ते नाटक. असले गोंधळ त्याने कोर्टात उभे राहून पाहिले असतील, आणि तेथे कोणास हसू आले नसेल.

पायरी चढल्याने सर्वच मिळते असे मात्र नव्हे. गिरमिट संपल्यावर नाताळात राहू पाहणाऱ्यांवर बसविलेला तीन पौंडांचा वार्षिक कर कोणत्याही मॅजिस्ट्रेटला उठविता आला नाही. १९१२ साली गोखल्यांनी तेथे जाऊन मंत्र्यांपाशी रदबदली केली, १९१३ साली हजारो मजुरांनी संप केला, तेव्हा कुठे १९१४ साली तो कर गेला. तत्पूर्वी १९०८ च्या जानेवारीत, जोहान्सबर्गच्या ज्या कोर्टात आपण वकिली केली तेथेच गांधीजी आरोपी म्हणून उभे राहिले, आणि त्यांनी कायद्यातील जबरात जबर शिक्षा मागून घेतली. मिळाली ती दोन महिन्यांची साधी कैद.

गेल्या वर्षी आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंच्या मुलाची चार महिन्यांची मजुरी एका कंत्राटदाराने बुडविली. “सर, कोर्टात गेलं तर काही होईल का हो?” असे त्यांनी आम्हांस विचारले. ते घरचे जुने वचन ओठांवर आले होते. पण जमिनीचा दावा हरूनही आमच्या घरी चूल पेटत राहिली, आणि यांच्या घरी मजुरी हीच चूल, हे ध्यानी येऊन आम्ही कागद पुढे ओढला व अर्ज लिहून दिला. प्रकरण अद्याप चालूच आहे. तारखेच्या दिवशी बाई अर्धा दिवस सुटी मागतात, आणि त्या दिवशी भांडी आम्ही घासतो.