चार फूट चर

२०१८ च्या एप्रिलात आमचं गाव पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत उतरलं. गाव कारंजा तालुक्यातलं, लहानसं. ८ एप्रिल ते २२ मे असं ४५ दिवस श्रमदान करायचं होतं. मी गेले, मधेच पळाले आणि परत गेले. तेव्हा ज्या चुका मी केल्या, त्या बऱ्याच जणी करतात, म्हणून जसं झालं तसं सांगते.

आधी माझं सांगते. काम हाती घेण्यात मी पुढं आणि तडीस नेण्यात मागं. अकरावीत लग्न झालं, शिक्षण सुटलं. त्याला माझा इलाज नव्हता. पण नंतर टायपिंगचा क्लास लावला तो दोन महिन्यांत सोडला. बचत गटाच्या पापडाचं काम घेतलं, तेही सोडलं. सकाळी फिरायला जायचं किती वेळा ठरवलं त्याचा हिशेब नाही. शिवणकाम तेवढं टिकलं, कारण त्यावर घरात पैसा येतो. नवरा कधी बोलला नाही. पण मी नवीन काही काढलं की सासूबाई नुसतं "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"चा अर्थ मला कळायचा.

पाण्याचं म्हणाल तर होळी झाली की विहिरीत बादली खडकावर वाजायची. आमचा भाग उताराचा आहे. वर काळ्या मातीचा पातळ थर, खाली मुरूम. पाऊस पडतो आणि वाहून जातो. गावातून पाच जण चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले. त्यांनी सांगितलं, माथ्यापासून खाली यायचं. उतारावर आडवे, एका पातळीत चर खणायचे. म्हणजे पाणी धावत नाही, थांबतं आणि जिरतं. ऐकताना सोपं वाटलं.

७ तारखेच्या रात्री मशाली घेऊन सगळं गाव माळावर गेलं. बारा वाजता पहिली टिकास पडली. मी पण मारली. खूप उत्साह होता. सकाळी पुन्हा गेले आणि दहापर्यंत खणत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. कोणी थांब म्हटलं तर मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी हात उघडून पाहिले. दोन्ही तळव्यांवर मिळून सात फोड. दोन फुटले होते. घरी लग्नसराईचे ब्लाउज पडलेले. कात्री धरली की अंगठ्याच्या मुळाशी आग व्हायची. एका नवरीच्या आईला दिलेली तारीख चुकली. ती बिचारी काही बोलली नाही, पण पुढचं काम तिनं माझ्याकडं दिलं नाही.

चौथ्या दिवशी मी गेले नाही. ताप आहे असं सांगितलं. ताप नव्हता. पाचव्या दिवशीही नाही, सहाव्या दिवशीही नाही. सकाळी गल्लीतून बाया जाताना पावलं ऐकू यायची. मी जागी असायचे, पण डोळे मिटून पडून राहायचे. हे आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक काकू राहतात. साठीच्या पुढच्या, गुडघे दुखतात. त्या रोज जात होत्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्या दारात आल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, "तुह्या वाटचा चर तसाच हाय वं. कोणी हात नाई लावला." एवढं बोलून गेल्या. रागावल्या असत्या तर मी भांडले असते.

त्या रात्री मला बापूराव ताजणे यांची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरचे मजूर. २०१६ सालच्या दुष्काळात त्यांच्या बायकोला, संगीताताईंना, दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारलं, अपमान केला. बापूराव मालेगावला गेले, अवजारं आणली आणि विहीर खणायला लागले. याआधी कधी विहीर खणलेली नव्हती. मजुरीला जाण्याआधी काही तास, आल्यावर काही तास, असे दिवसाला सहा तास खणायचे. लोक वेडा म्हणत होते. घरचेही मदतीला नव्हते. ४० दिवसांनी साधारण १५ फुटांवर पाणी लागलं. पेपरात, टीव्हीवर सगळीकडं आलं होतं.

ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती नुसती तशी सांगायला आवडत नाही. ती वेळ त्यांनी निवडली नव्हती, दलित म्हणून त्यांच्यावर आणली होती. माझ्यावर तर कुणी काही आणलेलं नव्हतं. तरी मी खोटा ताप सांगून पडून होते. याची मला लाज वाटली.

मग मी शिंप्याच्या सवयीनं हिशेब केला. १५ फूट म्हणजे १८० इंच. भागिले ४० दिवस. दिवसाला साडेचार इंच. कॅलेंडरच्या मागं लिहून मी बराच वेळ बघत बसले. टेप काढून साडेचार इंच मोजले. माझ्या चार बोटांहून थोडं जास्त. तो माणूस सहा तास राबून रोज एवढंच खाली जात होता. आणि मी दोन दिवसांत माळ उलटा करायला निघाले होते.

सातव्या दिवशी गेले. टेप बरोबर घेतला. आमचा चर दोन फूट रुंद, दीड फूट खोल होता. मी लांबीला चार फूट मोजले आणि दोन्ही टोकांना दगड ठेवले. ठरवलं, एवढंच. कमी नाही आणि जास्तही नाही. चार फूट झाले की उत्साह असला तरी टिकास खाली ठेवायची. हे "जास्त नाही" पाळणं मला सगळ्यात जड गेलं. पण दुसऱ्या दिवशी अंगात जीव राहिला तो त्यामुळंच.

हातांसाठी जुन्या जीन्सच्या पँटचे पट्टे कापले, दुहेरी शिवले, अंगठ्याला भोक ठेवलं. बाजारातले हातमोजे घामानं आत सरकतात आणि नवीन फोड आणतात. पट्टा घट्ट बसतो. फोड फोडायचे नाहीत, रात्री हळद-तेल लावायचं. माझे पट्टे बघून बायांनी मागितले, तर मशीनवर अठरा जोड्या शिवून दिल्या.

आणखी एक केलं. टिकास घरी न आणता काकूंच्या दाराआड ठेवायला लागले. सकाळी ती घ्यायला त्यांच्याकडं जावंच लागायचं. त्या पाच वाजता कडी काढून बसलेल्या असायच्या. एवढं झाल्यावर अंथरुणात विचार करायला जागा उरली नाही.

सकाळी जावंसं वाटतं का, असं मला पुढं पुष्कळ जणींनी विचारलं. एकाही दिवशी वाटलं नाही. पहिले दहा-बारा घाव नकोसे वाटायचे. मुरुमावर टिकास उडायची, मनगटात झिणझिण्या यायच्या. मग कधीतरी एक ढेकूळ अख्खं निघायचं, खालचा ओलसर रंग दिसायचा आणि मन लागायचं. मन लागण्याची वाट बघत मी आयुष्यात किती दिवस घालवले, ते तिथं कळलं.

उन्हाचं मात्र सांगते. एप्रिलच्या शेवटी पारा ४३-४४ पर्यंत गेला. आमच्यातली एक सून ईर्षेनं साडेदहापर्यंत खणत राहिली आणि चक्कर येऊन पडली. सावलीत नेलं, ओला पदर अंगावर टाकला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मग सावरली. त्या दिवसापासून नऊला सगळ्यांनी काम थांबवायचं ठरलं. हिंमत दाखवायला ऊन ही जागा नाही.

माझी मोठी चूक तिसऱ्या आठवड्यात झाली. चराची पातळी हायड्रोमार्करनं काढतात. दोन उभ्या काठ्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन्हीकडं पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण खोटी दाखवते. प्रशिक्षणाला गेलेल्या पोरीनं हे दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी ती नव्हती. मला घाई होती, एक शिलाई द्यायची होती. नळीत बुडबुडा दिसला आणि मी तशाच खुणा मारल्या. तीन दिवस त्या खुणांवर खणलं. बारा फूट. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोलले नाही.

१ मेच्या महाश्रमदानाला बाहेरचे लोक मदतीला आले. शहरातल्या एका मुलीला मी माझा पट्टा दिला आणि टिकास कशी धरायची ते दाखवलं. आपण कुणाला काही शिकवतोय, हे माझ्या बाबतीत फार वर्षांनी घडत होतं.

२२ मेला काम थांबलं. ४५ पैकी माझे ३९ दिवस भरले. तीन खोट्या तापाचे गेले, दोन भाचीच्या लग्नाचे, एक खऱ्या अंगदुखीचा. ३९ पैकी पहिले तीन दिवस मोजलेले नाहीत. उरलेल्या ३६ दिवसांचे १४४ फूट, कॅलेंडरवर रोजची रेघ आहे. बक्षीस गावाला मिळालं नाही. त्या वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री झाला. सकाळी सगळे माळावर धावले. चर काठोकाठ भरलेले, गढूळ पाण्याच्या आडव्या रेघा वरपासून खालपर्यंत. काकू चराच्या काठावर बसून पाण्यात हात घालून होत्या. माझा चरही भरला होता, पण ते बारा फूट सोडून. तिथं पाणी एका टोकाला गोळा झालं, बांध फोडून खाली गेलं आणि खालच्या बाईच्या चरात माती भरली. मी तिच्याकडं जाऊन बुडबुड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आतां?" पुढचे चार दिवस मी तिचा चर साफ केला, माझी पातळी पुन्हा काढली आणि बांध घातला. या वेळी नळीला टिचक्या मारून बुडबुडा काढला. कुणी बघत नव्हतं, फोटो नव्हते, मशाली नव्हत्या. ते चार दिवस मला त्या ३९ दिवसांपेक्षा जवळचे वाटतात.

विहिरीला पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुरलं असं म्हणणार नाही. पण बादली खडकावर वाजायला होळीऐवजी अक्षय्य तृतीया आली.

२०१९ मध्ये मी बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला. सासूबाई "बरं" म्हणाल्या. पहिल्या महिन्यात इंग्रजीचं पुस्तक धरलं की झोप यायची. मग टेपच्या जागी पानं मोजली. पहाटे पाच ते सहा, रोज दोन पानं, तिसरं नाही. पुस्तक काकूंकडं ठेवता येईना, म्हणून मशीनच्या पाट्यावर उघडं ठेवायचे. ते उचलल्याशिवाय शिवायला बसता येत नसे. २०२० च्या फेब्रुवारीत पेपर दिले. वर्गात सगळी माझ्या लेकीच्या वयाची पोरं होती. पहिला पेपर इंग्रजीचा, हात इतका थरथरत होता की नंबर दोनदा चुकला.

निकाल जुलैमध्ये लागला, टाळेबंदी होती, मोबाइलवर पाहिला. पास झाले. इंग्रजीत ४३. सासूबाईंनी साखर हातावर ठेवली आणि या वेळी "बरं" म्हणाल्या नाहीत. मी काकूंना सांगायला पळाले. त्या दारात बसल्या होत्या. मला येताना बघून त्यांनी दाराआडून टिकास काढली आणि पुढं केली.

"गाळ काढाले आली ना वं? चर भरले सारे."

मी आधी टिकास घेतली, मग निकाल सांगितला.