माहेरचे मूळ

हिंगोलीच्या रस्त्यावरून फेरारी धावताना निदान मी तरी पाहिलेली नाही. येथल्या रस्त्यांवर सत्ता चालते ती हळदीची पोती लादलेल्या ट्रॅक्टरांची. तरीही त्या दूरदेशीच्या श्रीमंत गाड्यांविषयीचे एका प्रकारचे वृत्त मी मोठ्या आवडीने वाचतो. ते म्हणजे, कारखान्याने आपली गाडी परत बोलावल्याचे. त्यात मला माहेराहून आलेल्या मुळाचा भास होतो. लेक सासरी सुखात नांदत असता एके दिवशी माहेरचा माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, "दोन दिवस पाठवा, आमच्याकडून काही राहून गेले आहे."

राहून गेलेले असते तरी काय? २०१० साली फेरारीच्या काही ४५८ इटालिया गाड्यांनी पेट घेतला. शोधाअंती दोष निघाला तो मागच्या चाकांवरील आच्छादन चिकटवणाऱ्या डिंकात! तेव्हा १,२४८ गाड्या बोलावून डिंकाऐवजी रिव्हेट ठोकण्यात आले. २०२२ साली त्याच कंपनीने ब्रेकच्या तेलाच्या डबीचे झाकण बदलण्यासाठी २००५ पासूनच्या कित्येक गाड्यांना हाक घातली. झाकणातून हवा नीट खेळत नव्हती, आणि त्यामुळे तेल गळून ब्रेक निकामी होण्याचे भय होते. पोर्शेने तर कमाल केली. २०१४ साली तिच्या नव्या ९११ जीटी३ पैकी दोन गाड्या जळाल्या. इंजिनातील एक स्क्रू सैल होतो असे आढळताच तिने मालकांना गाडी जागची हलवू नका म्हणून कळवले आणि सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली.

एवढ्या मोलाच्या गाडीची अब्रू डिंकाच्या आणि स्क्रूच्या हाती असावी, याची मला पूर्वी गंमत वाटे. आता हेवा वाटतो तो त्या ७८५ या आकड्याचा. ज्या बापाला आपल्या लेकींची सारी घरे ठाऊक आहेत, त्याने मूळ पाठवावे यात नवल कसले?

आमच्या गावातली मोटार बहुधा पुण्यामुंबईहून दोनतीन मालकांचे हात पाहून आलेली असते. माहेरची चिठ्ठी जाते ती पहिल्या पत्त्यावर. (येथे माझी उपमा मोडते, ती मोडलेलीच बरी.) आणि दोष काही पत्ता विचारीत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग फेरारीतही होत्या आणि आपल्याकडे घरोघरच्या होंडा सिटीतही. त्या फुगवणाऱ्या नळकांड्यातील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडते. मग अपघाताच्या क्षणी नळकांडेच फुटून लोखंडाचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. आमचा वैशाख आणि त्यामागून येणारा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. आपल्या देशात २०१९ साली मोटार कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करता येते. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतीच. जो दोष वयाबरोबर वाढतो, त्याच्यापुढे कायद्याने नेमके वयाचेच निमित्त सांगावे, हे मला मुळीच पटत नाही.

आमच्या शेजारी हळदीचे एक अडते राहतात. त्यांची गाडी तिसऱ्या हातची, दहा वर्षांची. एका संध्याकाळी त्यांच्या नोंदणीपुस्तकातला सतरा अक्षरांचा चासी नंबर मी कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. एअरबॅग बदलणे बाकी, खर्च काही नाही, असे उत्तर आले. अडत्यांचा विश्वास बसेना.

"मास्तर, फुकट कोण देतं हो?"

"चूक त्यांची आहे, काका. फेरारीवाल्यालासुद्धा झाकण फुकटच मिळालं."

हे मात्र त्यांना मनापासून आवडले. दोनदा मोठ्याने हसले. नांदेडच्या कारखान्यात मंगळवारची वेळ ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुनीम एक हिशेबपट्टी घेऊन माझ्याकडे आला. तिच्या पाठीवर व्याह्यांच्या, मेहुण्यांच्या आणि बाजारातल्या दोघा हमालांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या गाडीचा, असे तीन चासी नंबर लिहिलेले होते.