पंचविशीतला खुबा

मी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. आमच्याकडे एवढं सांगितलं की आशाताईला पुढचं सांगावं लागत नाही. आई एएस, बाबा एएस, म्हणजे नुसते वाहक; दोघांनाही कधी त्रास नाही. मला दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं आणि सिकलसेल झाला. गडचिरोली-चंद्रपुरात हा आजार आदिवासींमध्ये आहे तसा बौद्ध आणि इतर समाजांमध्येही आहे. लहानपणापासून हातापायांच्या कळा, पिवळे डोळे, रक्ताच्या पिशव्या यांची सवय झाली होती. खुब्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं.

ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना उजवा गुडघा दुखू लागला. एका दवाखान्यात गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहिले. आई म्हणायची, "रोवणीत कोणाचे पाय दुखत नाही बाई?" खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, हे नागपूरला मेडिकलमध्ये गेल्यावर कळलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. सिकलसेलमध्ये वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी तिथे अडकल्या की हाड मरतं आणि अंगाच्या वजनाखाली चेपतं. याला एव्हीएन म्हणतात. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काही जणांना तो झाला, तेव्हा शहरात हे नाव ऐकू येऊ लागलं. आमच्याकडे तो कित्येक वर्षांपासून तरण्या पोरापोरींना लंगडं करतो आहे.

माझ्या उजव्या खुब्याचं टोक चेपलेलं होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं ते दुखण्याचं नाही. "जेवायला कशी बसतेस? संडास कसला आहे? काम काय करतेस?" मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढते, म्हणजे खुर्चीतलं काम. त्यावरच बरंचसं ठरलं.

कृत्रिम खुबा बसवला तर दुखणं जातं, पण तो झिजतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्याप्रमाणे बसवलेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. ते आकडे बहुतेक उतारवयातल्या माणसांचे. माझा जन्मभर पुरेल, असं कोणीच म्हणालं नाही. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड, कारण तोवर धरायला हाड कमी उरतं. म्हणून तरुण माणसाला डॉक्टर थांबवतात. मीही थांबले, कुबडी घेऊन. पण दुखण्याने झोपच लागेना, तेव्हा हे थांबणं कशासाठी, असं वाटायला लागलं. साठीतल्या खुब्याची काळजी करत पंचविशी अंथरुणावर काढायची, हा हिशेब मला पटला नाही.

वॉर्डात एटापल्लीकडचा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. घर मोह, तेंदू आणि धानावर चालणारं. त्याचा प्रश्न सरळ होता: उकिडवं बसता येईल का? नव्या खुब्याने तसं बसू नये, तो निखळू शकतो, असं त्याला सांगितलं. मग त्याने जुन्या ऑपरेशनबद्दल विचारलं. त्यात मेलेलं टोक काढून टाकतात आणि जागी काहीच बसवत नाहीत. पाय आखूड होतो, लंगडणं कायमचं, काठीही लागते. पण उकिडवं बसता येतं, आणि झिजायला आत काही नसतं. तरुण डॉक्टरांना हे मागासलेलं वाटलं. मला वाटतं, त्याचा हिशेब कोणापेक्षा कच्चा नव्हता. तो विचार करायला गावी गेला. पुढचं मला माहीत नाही.

ऑपरेशन योजनेतून झालं. त्याआधीची तयारीच मोठी. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणायचं होतं. पण वारंवार रक्त चढलेल्यांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. माझी पिशवी लवकर जुळेना आणि तारीख पुढे गेली. उपाशी ठेवल्यावर पाणी कमी पडू नये म्हणून रात्रीच सलाइन लावलं. थिएटरमध्ये गरम पांघरूण घातलं, कारण थंडी आणि तहान दोन्हींनी पेशी वाकतात. सिकलसेलमध्ये हाडाची पोकळीही जागोजागी भरून आलेली असते, आणि कृत्रिम खुब्याचा दांडा बसवताना मांडीचं हाड फुटू शकतं. सिमेंट न वापरता हाड स्वतः धरून ठेवेल असा दांडा बसवला. त्यावर सिरॅमिकचा गोळा आणि वाटीत प्लास्टिकचं अस्तर. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला होता, हे मी वाचून ठेवलं होतं. म्हणून तेवढं आधीच विचारून घेतलं.

आता दुखत नाही. संडासावर प्लास्टिकची कमोड खुर्ची आहे. लग्नात पंगत खाली बसली तर खुर्ची मागावी लागते आणि कोणीतरी म्हातारी विचारते, "एवढ्या तरण्या पोरीला काय झालं व?" सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसचं तिकीट लागत नाही, पण तिची पायरी अजून उंचच आहे.

डाव्या खुब्यातही एमआरआयमध्ये डाग दिसला आहे. टोक मात्र अजून गोल आहे. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याचा उपाय सुचवला गेला. पण २००६ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, व्यायामासोबत हे ऑपरेशन केलेले आणि नुसताच व्यायाम केलेले, यांच्यात तीन वर्षांनी फरक दिसला नव्हता. तो कागद मी डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "रुग्ण थोडे होते त्यात." मी म्हटलं, आमच्यावरचे अभ्यास थोड्याच रुग्णांचे असतात. सध्या हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध आणि व्यायाम चालू आहे. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर.