लग्नाचा दिवस आणि छायाचित्रांची यादी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कुणी रचली, त्याच्या काळी छायाचित्रकार नसावा. असता, तर त्याने म्हणीला तिसरे कलम खचितच जोडले असते. आम्ही दोन कन्यांची लग्ने केली. पहिल्या लग्नात छायाचित्रांचा विचार आम्ही केलाच नाही, दुसऱ्यात मात्र इतका केला, की आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले, “अहो, लग्न मुलीचे आहे की कॅमेऱ्याचे?” प्रश्न रास्त होता. पण या उठाठेवीमागे एक जुने शल्य होते. ते सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

आमच्या बैठकीत वडिलांच्या लग्नाचे एक छायाचित्र आहे. साल १९५४. लग्न उज्जैनला झाले. वरात परतल्यावर दुसऱ्या दिवशी तुकोगंजातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात जाजम अंथरून, खुर्च्या मांडून ते घेतले गेले. तिपाईवरचा कॅमेरा, त्यावर काळे कापड आणि कापडात डोके घातलेला छायाचित्रकार, हे वर्णन आम्ही आईकडून अनेकदा ऐकले. मधोमध मुंडावळ्या उतरवलेले वडील, शेजारी शालू नेसून अवघडलेली आई, मागे काका-मामांच्या पगड्या आणि टोप्या, पुढे जाजमावर परकर-पोलक्यातली चौदा वर्षांची आत्या. या सर्वांत आमची आजी मात्र नाही. १९४७ साली आजोबा गेले होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवा स्त्री मंगलकार्यात पुढे येत नसे. मग ती नवऱ्या मुलाची जन्मदात्री का असेना. छायाचित्रात मागे घराचा दरवाजा दिसतो. त्याची एक फळी थोडी उघडी आहे आणि आत काळोख आहे. आई त्या काळोखावर बोट ठेवून आम्हां भावंडांना सांगत असे, “इथे सासूबाई उभ्या आहेत.” आम्ही डोळे ताणून पाहत असू. दिसत काही नसे. परंतु आजी तेथे आहे, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

तसे पाहता इंदूरला कॅमेऱ्याचे अप्रूप नव्हते. ज्यांचे नाव हिंदुस्थानच्या छायाचित्रकलेच्या इतिहासात अग्रभागी घेतले जाते, ते लाला दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ साली इंदूरलाच बांधकाम खात्यात रुजू झाले होते. काम अंदाजपत्रके आणि नकाशे करण्याचे. म्हणजे आमच्याच जातकुळीचे सरकारी नोकर. कॅमेरा त्यांनी हाती धरला तोही याच नोकरीत असताना, १८७४ च्या सुमारास. दुसरे तुकोजीराव होळकर आणि एजंट सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय लाभला. पुढे नोकरी सोडून ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात काचेवर रसायनाचा ओला थर चढवायचा आणि तो वाळण्याच्या आत चित्र घेऊन काच धुवायची, अशी पद्धत रूढ होती. बसणाऱ्याने काही सेकंद निश्चल राहायचे. हलला, की काच वाया. जुन्या छायाचित्रांतली माणसे हसत का नाहीत, याचे एक कारण हेही आहे. अंदाजपत्रक आधी आणि बांधकाम मागाहून, ही खात्यातली शिस्त दीनदयाळांना तेथे उपयोगी पडली असेल, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. कारण चांगल्या छायाचित्राचे निम्मे काम कॅमेरा उघडण्यापूर्वीच झालेले असते.

हे शहाणपण आम्हांला फार उशिरा आले. आमचे स्वतःचे लग्न १९८४ साली झाले, तेव्हा छायाचित्रकाराने रंगीत फिल्मची तीन रिळे आणली होती. एका रिळात ३६ चित्रे, म्हणजे सगळी मिळून १०८. जपाची एक माळ. एवढ्यात साखरपुड्यापासून झालीपर्यंत सारे बसवायचे, म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी तो बिचारा विचार करीत असे. थोरल्या कन्येचे लग्न २०११ च्या मे महिन्यात झाले, तेव्हा रिळे इतिहासजमा झाली होती. छायाचित्रकाराने चौदाशेहून अधिक चित्रे दिली. दोन हातांनी उचलावा लागे असा अल्बमही दिला. त्यात हार होते, रोषणाई होती, वधूच्या बांगड्यांची निरनिराळ्या कोनांतून घेतलेली अकरा चित्रे होती. त्याच वर्षी डिसेंबरात आई गेली. तेराव्यानंतर तिचे अलीकडचे एखादे छायाचित्र हवे म्हणून आम्ही ती सगळी चौदाशे चित्रे पाहिली. आई तीन ठिकाणी सापडली. एकात कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा चेहरा, एकात पाठमोरी, आणि एकात पंगतीत पानावर वाकलेली. नातीसोबतचे एकही नाही.

दोष छायाचित्रकाराचा नव्हता. आई कोण, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. वडील १९९८ मध्ये गेले होते. आता काळ बदलला होता, तिला कुणी मागे बस म्हटले नव्हते. पण ती आपण होऊनच मागच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. आणि आम्ही? आम्ही दारात पाहुण्यांचे स्वागत करण्यात गुंतलो होतो. आजीला रूढीने वगळले. आईला आमच्या घाईने.

धाकटीचे लग्न २०२४ च्या फेब्रुवारीत ठरले, तेव्हा आम्ही सेवानिवृत्त होतो आणि वेळ मुबलक होता. शासकीय सेवेत असताना मंत्र्यांच्या दौऱ्याचे ‘मिनिट टू मिनिट’ कार्यक्रम आम्ही कितीतरी तयार केले होते. त्याच धर्तीवर एक नस्ती उघडली.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले: एक दुपारी बाराच्या पुढचा, दुसरा गोरज. छायाचित्रकार तरुण मुलगा, मोठा चौकस. त्याचा कल गोरजाकडे. मावळतीचा प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो, हे त्याचे म्हणणे खरेच होते. परंतु फेब्रुवारीत आमच्याकडे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे मंगलाष्टके संपतात तोच उजेड संपणार. त्यावर त्याचा उपाय असा, की वधूवरांची एकत्र चित्रे मुहूर्तापूर्वीच उरकून घ्यावी. येथे आम्ही अडलो. वधू गौरीहरापाशी बसते, वर पाटावर उभा राहतो, दोघांमध्ये अंतरपाट धरतात, आणि तो दूर होताच दोघे एकमेकांना पाहतात. तासभर आधी बागेत हातात हात घालून चित्रे काढून झाली असतील, तर त्या वस्त्राने अंतर कशाचे धरायचे? लग्नापूर्वी महेश्वरच्या घाटावर किंवा मांडवगडावर जाऊन छायाचित्रे काढण्याची रीत आता आपल्याही घरांत आली आहे. दोघे कित्येक वर्षे एकमेकांना ओळखत असतात, हेही आम्ही जाणतो. तरी त्या एका दिवसाच्या सकाळपुरते अंतरपाटाला त्याचे काम करू द्यावे, असे आम्हांला वाटले. कन्येला विचारले. ती म्हणाली, “बाबा, मलाही तो क्षण खराच हवाय.” दुपारचा मुहूर्त धरला आणि वधूवरांच्या चित्रांसाठी जेवणानंतरचा, चार ते साडेपाचचा वेळ राखून ठेवला. त्या वेळी ऊन तिरपे होते आणि पोट भरलेले असल्याने चेहरेही प्रसन्न असतात.

दुसरा प्रश्न जागेचा. आम्ही छायाचित्रकाराला घेऊन आठ दिवस आधी, भर दुपारी, कार्यालय पाहून आलो. तेथे त्याने जे सांगितले ते आम्हांला आजवर सुचले नव्हते. मांडवाचे कापड लाल असले तर खालच्या प्रत्येक माणसाचा चेहरा लाल दिसतो, पिवळे असले तर कावीळ झाल्यासारखा. म्हणून वरचे कापड पांढरे घ्यावे, रंग बाजूंना लावावे. भर दुपारी उघड्यावर उभे केले तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्यापेक्षा ओसरीच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून माणसे उभी करावी. लाजाहोमाचा धूर कुठल्या दिशेने जाईल ते पाहून कॅमेरा ठेवावा. वधूची तयारी खिडकीजवळच्या खोलीत व्हावी आणि त्या खोलीतल्या पिशव्या, डबे आणि उशा आदल्या रात्रीच हलवाव्यात. यांपैकी एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागला नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. नऊवारी, खोपा, मोत्यांचे दागिने यांना दीड तास लागतो असे सांगतात. आम्ही सव्वादोन धरला. आप्तांच्या एका समूहचित्राला, माणसे गोळा करण्यासह, तीन-चार मिनिटे लागतात. वीस समूह धरले तर एक तास गेलाच; तेवढ्यात पंगत खोळंबते आणि विहीणबाई रुसतात. म्हणून निम्मे समूह आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनालाच उरकले. प्रत्येक विधीनंतर दहा मिनिटे कोरी सोडली. मंत्र्यांच्या दौऱ्यात आम्ही ती कधी सोडीत नसू, आणि दौरे नेहमी उशिरा चालत.

चौथा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने मुख्य, माणसांचा. आम्ही ४२ नावांची यादी केली. वडीलधारी प्रथम, कारण ती लवकर थकतात. जेवणापूर्वीच त्यांची चित्रे व्हावीत. आणि यादी नुसती देऊन भागत नाही. छायाचित्रकाराला नावे कळतात, चेहरे कळत नाहीत. म्हणून सर्व गणगोत ओळखणारा आमचा पुतण्या दिवसभर त्याच्या बरोबर फिरेल, अशी नेमणूक केली. नस्ती पूर्ण करून आम्ही ती मोठ्या समाधानाने कन्येपुढे ठेवली. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, “बाबा, यात आई कुठे आहे?” खरेच नव्हती. कन्यादानात, ऐरणीदानात ती येणारच होती. पण निवांत बसलेली, लेकीजवळची, अशी कुठेच नव्हती. एवढी ठेच लागूनही आम्ही पुन्हा तेच केले होते. कन्येने स्वतःच्या हाताने त्रेचाळिसावे नाव लिहिले.

लग्नाच्या दिवशी सर्व काही यादीबरहुकूम झाले, असे नाही. वराचे मामा वेळेवर सापडले नाहीत आणि एक समूह राहूनच गेला. मुहूर्ताच्या वेळी मात्र आम्ही एक गोष्ट कटाक्षाने पाळली. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोन छायाचित्रकार, समोर कुणीही नाही. गुरुजींनी सर्वांना मोबाइल खाली ठेवण्याची विनंती केली आणि बहुतेकांनी मानली. थोरलीच्या लग्नात “एकदा पुन्हा हार घाला” अशी फर्माइश झाली होती; या वेळी एकही विधी कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा झाला नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हाचे चित्र किंचित हललेले आले आहे. कन्येने तेच मोठे करून लावले.

यादीतले पहिले नाव आत्याचे होते. तीच ती, १९५४ च्या छायाचित्रात जाजमावर बसलेली. आता ८४ वर्षांची. देवासहून तिला मुद्दाम गाडी पाठवून आणले होते. पुतण्या बोलवायला गेला तर म्हणाली, “मी कशाला रे? तरण्याताठ्यांचे काढा.” आम्ही स्वतः गेलो आणि तिला पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवले. “अरे, मी आपली मागे उभी राहते,” असे ती म्हणतच होती. कन्या खाली तिच्या पायांशी बसली. ते चित्र चांगले आले आहे.

लग्नानंतर आत्या चार दिवस आमच्याकडे राहिली. जुने घर २०१६ मध्ये पाडले. त्या जागी झालेल्या इमारतीत आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. बैठकीतले जुने छायाचित्र ती बराच वेळ पाहत होती. आम्ही सवयीने त्या उघड्या फळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, “आत्या, इथे आजी.”

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नाही रे बाळ. आई तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. सत्तर पाने वाढायची होती, चुलीपाशी दुसरे कोण होते? तुझी आई नवी नवरी, तिने मला हळूच विचारले, सासूबाई कुठे आहेत? तिला बरे वाटावे म्हणून मी म्हटले, दाराआड उभी आहे, बघतेय.”

सत्तर वर्षे आमचे घर त्या काळोखात आजीला पाहत आले. आई तर ते खरे मानूनच गेली. आम्ही आत्याला काही बोललो नाही; चौदा वर्षांच्या मुलीने नव्या वहिनीला दुसरे काय सांगायचे?

आता पुतण्याचे लग्न ठरते आहे आणि त्याच्या घरचे लोक आमची नस्ती मागून घेऊन गेले आहेत. मुहूर्त, कापड, ऊन, दहा कोरी मिनिटे, सारे त्यात लिहिलेले आहेच. देण्यापूर्वी आम्ही यादीच्या शिरोभागी एक ओळ वाढवली: पहिले नाव लिहिण्याआधी स्वयंपाकघरात कोण आहे ते पाहून यावे.