प्लस कुठं गेला?

चष्म्याच्या धंद्यात नुसता ‘दोन’ असा नंबर नसतो. प्लस दोन असतो, नाहीतर मायनस दोन. मायनसची काच मध्ये पातळ, कडेला जाड. लांबचं पुसट दिसणाऱ्याला ती लागते. प्लसची मध्ये फुगीर. चाळिशीनंतर वाचायला लागते ती हीच. प्लस दोन आणि मायनस दोन यांत फरक चार डायॉप्टरचा, म्हणजे चार नंबरांचा. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर कितीही गिचमिड लिहोत, चिन्ह मात्र न चुकता काढतात. नंबर नसेल तिथंही रकाना मोकळा सोडत नाहीत, ‘प्लेनो’ लिहितात.

कडेगावात कराड-विटा रस्त्याजवळ माझं छोटं दुकान आहे. काचा घासून येतात बाहेरच्या लॅबमधून. पूर्वी ऑर्डर फोनवर सांगायचो. ‘प्लस दोन, दोन्ही डोळे’ म्हटलं की पलीकडचा तेच पुन्हा म्हणायचा आणि विषय मिटायचा. मग लॅबनं कॉम्प्युटरवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केली.

शाळकरी पोरांचे मायनस नंबर बिनबोभाट जायचे. गडबड प्लसची. +२.०० टाकून पुढच्या रकान्यात गेलं की प्लस गायब, मागं नुसतं २.००. गणितात याला कोणी चूक म्हणणार नाही. चिन्ह नसेल तर संख्या धनच, हे आपणही शाळेत घोकलंय. वेबच्या मानकातही आकड्याच्या रकान्याला पुढचं मायनस चालतं, प्लस चालत नाही. पण लॅबमध्ये स्क्रीनसमोर बसलेल्याला हे कोण सांगणार? सकाळपासून त्याच्यापुढं मायनसचीच रांग. बिनचिन्हाचा आकडा दिसला, त्यानं तोही मायनस धरला.

एका मावशींचा पोथी वाचायचा चष्मा असाच आला. पार्सल उघडलं तेव्हा त्या काउंटरपाशीच उभ्या होत्या. घाईनं डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “आरं, अक्षरं तर मुंगीएवढी झाली की, आन् पुसट बी!” मी चष्मा हातभर लांब धरला, काचेतून दाराची चौकट बघितली आणि हळूच डावीउजवीकडं हलवला. प्लसच्या काचेत चौकट उलट्या बाजूला सरकते. ही काचेबरोबरच चालली होती. नंबर मोजायचा लेन्सोमीटर लावला, दोन्ही काचा मायनस दोन. लॅबनं बदलून दिल्या, पैसेही घेतले नाहीत. मावशींची एकादशीची पोथी राहिली ती राहिलीच.

तक्रार केली तर उत्तर मिळालं, “प्लस लिहायची गरज नसते, सर.” त्यांना नसेल! पुढं त्यांनी रकाना काढून यादी दिली: मायनस वीसपासून प्लस वीसपर्यंत, पाव-पावच्या टप्प्यानं, म्हणजे १६१ ओळी. चिन्ह दिसायला लागलं, पण माऊसचं चाक जरा फिरलं की नंबर पाव इकडं नाहीतर पाव तिकडं. पुन्हा टाइप करायचा रकाना आणावा, तर मोबाईलचं वेगळंच दुखणं. काही फोनच्या आकड्यांच्या कीबोर्डवर मायनसचं बटणच नसतं, मग पोरांच्या नंबरचं काय करायचं?

माझी वही एक्सेलमध्ये आहे. तिथंही प्लस गळून पडायचा. भाच्यानं रकान्याचं फॉरमॅट +०.००;-०.००;०.०० असं करून दिलं, आता नुसता २ टाकला तरी +२.०० उमटतो. दिसायला झकास, पण मी मायनस टाकायला विसरलो तर तेच फॉरमॅट ठणकावून प्लस दाखवणार.

माझं मत विचाराल तर आकड्याशेजारी प्लस आणि मायनस अशी दोन मोठी बटणं हवीत, आधी कुठलंच दाबलेलं नको आणि एक दाबल्याशिवाय ऑर्डर पुढं जायला नको. शून्याला प्लेनोचं तिसरं बटण द्या.

आणि तुम्ही एक करा. नवा चष्मा हातात आला की तो कागदापासून थोडा वर धरून काचेतून अक्षरं बघा. मोठी दिसली तर प्लस, बारीक दिसली तर मायनस. डॉक्टरांच्या कार्डाशी जुळत नसेल तर पैसे देण्याआधीच तो दुकानदाराला परत करा.